फळीवरची बाटली

तारेत ‘सिरियस’ लिहिलेलं असलं की माणूस गेलेलं असतं, हे नातेपुत्याच्या पोस्टमनलाही ठाऊक आहे. म्हणून त्यानं शाळेत येऊन तार माझ्या हातात दिली आणि सही घेताना माझ्याकडे बघितलं नाही. मधली सुट्टी चालली होती, पोरी अंगणात लगोरी खेळत होत्या. मी तार वाचली, घडी घालून कमरेला खोचली आणि घंटा झाल्यावर वर्गात जाऊन उरलेला तास घेतला. बाकीच्या बाया नंतर म्हणाल्या म्हणे, काय दगडाची बाई आहे. असेन. पण सोलापूरची एस. टी. दुपारची होती आणि अक्का गेलेलीच होती; माझ्या घाईनं आता तिचं काही होणार नव्हतं. घाई करायची वेळ होती तेव्हा तिनं ती केली नाही, आणि मला करू दिली नाही.

पोचले तेव्हा दिवस कलला होता. आमच्यात माणूस गेलं की आडवं ठेवत नाहीत. भिंतीला टेकवून बसवतात आणि बसवूनच नेतात. अक्कालाही दाराशेजारच्या भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूच्या माळा, मान जराशी दाराकडे कललेली… ती दवाखान्यात बसायची अगदी तशी. भेटायला आलेली एक म्हातारी उंबऱ्यात तिला बघून थबकली आणि मागं फिरून स्वतःच्या चपला नीट जोडून ठेवून आली. दवाखान्यात अक्का चपला वेड्यावाकड्या टाकू द्यायची नाही, ते हाडात मुरलेलं. मला रडू यायचं सोडून रागच आला. जन्मभर बसलीस, मनात म्हटलं, आता तरी पाठ टेकायची होतीस.

अक्का म्हणजे महानंदा, माझी थोरली बहीण. भवानी पेठेला ती महानंदाक्का म्हणूनच माहीत. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात दाराजवळच्या टेबलाशी बसून आलेल्या पेशंटांना आत सोडायचं, हे तिचं काम. हल्ली नव्या दवाखान्यांत अशा कामाला इंग्रजी नाव असतं आणि टेबलावर टेलिफोन असतो. तिच्या कामाला नाव नव्हतं. कुणी नंबरवाली बाई म्हणे, कुणी दारावरची अक्का म्हणे. डॉक्टरांचं नाव मी इथं लिहीत नाही. पेठेत ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ज्यांना कळणार नाही त्यांना ते कळून उपयोगही नाही.

लग्नानंतर थोड्याच वर्षांत भावजी तापानं गेले आणि सासरच्यांनी तिला आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या दारात आणून सोडलं. पदरी मूल नव्हतं, त्यामुळे सोडताना त्यांना फारसं जड गेलं नाही. अण्णा सुताच्या पेढीवर मुनीम होते आणि डॉक्टरांशी त्यांची जुनी ओळख होती. डॉक्टरांनी तेव्हा नुकताच दवाखाना थाटला होता आणि त्यांची मोठी पंचाईत व्हायची ती भाषेची. विणकरांच्या गल्लीतल्या बायका तेलुगूत दुखणं सांगायच्या, अक्कलकोटकडून आलेली माणसं कानडीत, बाजारातली दखनीत. डॉक्टर पुण्याला शिकून आलेले. त्यांना सगळ्यांचं पोटच दुखतंय असं वाटायचं. अक्काची घरची बोली कानडी, शाळा मराठी, तेलुगू शेजारणींकडून उचललेली आणि दखनी रस्त्यावरची. अण्णांनी विचारलं, डॉक्टर हो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी ती तिथं जाऊन बसली. मी तेव्हा परकर नेसत होते. शाळा सुटली की मी दवाखान्याच्या पायरीवर बसून अभ्यास करायची आणि अक्काबरोबर घरी यायची.

दवाखान्यात शिरल्यावर डाव्या भिंतीला एक लांब लाकडी फळी ठोकलेली होती. तिचं एक टोक रस्त्याच्या दाराशी, दुसरं डॉक्टरांच्या खोलीच्या दाराशी, आणि त्या दुसऱ्या टोकाखाली अक्काचं टेबल. औषधाच्या मिश्रणासाठी बाटली घरूनच न्यायची असते, त्यात नवं काही नाही. अक्कानं त्या बाटल्यांनाच रांगेत उभं केलं. आल्याबरोबर आपली बाटली रस्त्याकडच्या टोकाला ठेवायची. एक माणूस आत गेलं की अक्का उठून सगळ्या बाटल्या एकेक घर पुढं सरकवायची. बाटली तिच्या टेबलावर आली की त्या माणसाची पाळी. बाटली रांगेत, मग माणूस कुठं का असेना.

हे तिनं केलं ते विडी वळणाऱ्या बायकांसाठी. आमच्या भागात घरोघर बायका मांडीवर सूप घेऊन बसतात. दवाखान्याच्या बाकावर सकाळ गेली की त्या दिवसाच्या विड्या गेल्या, म्हणून दुखणं हाताबाहेर जाईपर्यंत त्या यायच्याच नाहीत. अक्काच्या फळीमुळे बाटली ठेवून घरी जाता यायला लागलं. बाटली फळीच्या मधल्या खिळ्यापर्यंत आली की अक्का गल्लीत निरोप धाडायची, आणि बाई सूप खाली ठेवून पोराला काखोटीला मारून यायची. खुणेसाठी कुणी मानेला सूत बांधे, कुणी चिंधी. फळीकडे बघितलं की सगळी पेठ बसलेली दिसायची.

अक्का कडक होती, आणि तिचं कडकपण मला तेव्हा फार मिरवावंसं वाटायचं. एका पुढाऱ्याच्या गड्यानं ही भली मोठी बाटली आणून मध्येच घुसवली, तेव्हा ती उचलून टोकाला ठेवत ती म्हणाली होती, बाटली मोठी हाय म्हणून औषध जास्त मिळंल, नंबर न्हाय. अण्णांना खोकला झाला तेव्हा अण्णाही बाटली ठेवून ओट्यावर ताटकळले आणि घरी येऊन, पोटच्या पोरीनं बाहेर बसवलं, असं कौतुकानं सगळ्यांना सांगत सुटले. फक्त ज्याला धाप लागलीय, रक्त जातंय, किंवा जिचे दिवस भरलेत, त्यांना बाटली लागत नसे. अशा माणसाला ती दारातच ओळखायची, हाताला धरून सरळ आत न्यायची, आणि आतल्या माणसाला निम्म्यातून बाहेर काढायची. डॉक्टर चिडायचे. चिडू देत, ती म्हणायची.

पुढे अण्णा गेले. आम्ही दोघी त्याच गल्लीत एका खोलीत राहायला लागलो, आणि मी ट्रेनिंग कॉलेजात जायला लागले. हे आता सांगते ते त्या वर्षांतलं.

डॉक्टरांना पेठेतला दवाखाना पुरेनासा झाला होता. अकलूजच्या बाजूच्या एका साखर कारखान्याची माणसं मोठं हॉस्पिटल काढायच्या विचारात होती आणि डॉक्टरांना ते आपल्या हाती यायला हवं होतं. एके दिवशी ऐन दवाखान्याच्या वेळेला त्यांची जीप येणार असा निरोप आला. कंपाउंडर गावाला गेलेला. डॉक्टरांनी बाहेर येऊन फळीकडे बघितलं. कुठं खोबरेल तेलाची बाटली, कुठं रॉकेलच्या वासाची, कुठं मानेला चिंध्या. ते अक्काला म्हणाले, ह्या जरा टोपलीत घालून टेबलाखाली सारा, पाहुणे येतायत. अक्का म्हणाली, तसं केलं तर नंबर कुणाला कळायचा? बायका यायला लागल्यात. डॉक्टर वाद घालणारे नव्हते. बरं बरं, ते म्हणाले, तुम्ही वर जा, चहाफराळाचं बघा, आमच्या हिला एकटीला जमायचं नाही. मी बघतो इथलं.

डॉक्टरांचं बिऱ्हाड दवाखान्याच्या वरच होतं. दारावर बसणाऱ्या बाईला पाहुण्यांच्या चहाला वर धाडलं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, अक्कालाही नाही. जिना चढताना तिनं खाली बाटलीला बाटली लागल्याचा आवाज ऐकला. तिनं मला नंतर सांगितलं, तो आवाज तिला घरात भांडी घासतानाही ऐकू यायचा. लगेच खाली येऊन परत मांडू, असं तिनं ठरवलं. वर मात्र डॉक्टरांच्या बाईंनी तिच्यासमोर कांदे ठेवले, मग पोहे, मग कपबशा. खाली येणं राहिलं…

नरसव्वाची बाटली त्या फळीवर होती, मानेला लाल सुताची गाठ मारलेली. नरसव्वा आमच्या मागच्या गल्लीत राहायची; नवरा मागावर कामाला, ती विड्या वळायची. तिच्या चार वर्षांच्या पोरीला दोन दिवस ताप होता आणि घसा धरला होता. सकाळी बाटली ठेवून ती घरी गेली. मध्येच पोर घरघरायला लागली म्हणून निरोपाची वाट न बघता तिला खांद्यावर घेऊन ती आली, तर फळी रिकामी. टेबलाशी अक्का नाही. डॉक्टरांचं दार बंद, आतून हसण्याचा आवाज. बाकावर दोघंतिघं गडीमाणसं बसलेली. त्यातला एक म्हणाला, डॉक्टर पाव्हण्यात हायती.

आता कुणीही शहाणं माणूस म्हणेल, दार ठोठावायचं होतं. पण आमच्या पेठेत फळीवर बाटली नाही म्हणजे पाळी येऊन गेली, हे इतकं पक्कं झालं होतं की नरसव्वाच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. आपण उशीर केला, आपली बाटली पुढं गेली, आता परत टोकापासून लावायला हवी. आणि लावायला हातात बाटली नाही. म्हणून ती घरी गेली… दुसरी बाटली आणायला. घरात रिकामी सापडेना, तर शेजारणीकडून मागून घेतली, आणि तिला तेलाचा वास होता म्हणून राखेनं घासून धुतलीसुद्धा. डॉक्टर घाणेरड्या बाटलीत औषध देत नाहीत, हे अक्कानंच सगळ्यांना शिकवलेलं.

ती परत आली तेव्हा पोर निळी पडायला लागली होती. तिचा आरडाओरडा ऐकून डॉक्टर बाहेर आले. त्यांनी घसा बघितला आणि खरं सांगायचं तर एक क्षण दवडला नाही. पोरीला स्वतः उचललं, पाहुण्यांच्या जीपमध्ये घातलं आणि सिव्हिलकडे निघाले. घटसर्प होता. पोर वाटेतच गेली. अक्का कपबशांचा ट्रे घेऊन जिन्यात उभी होती. तिनं खाली बघितलं ते मोकळी फळी आणि पायरीवर राखेनं घासलेली, ओली बाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले, कारण तिनं रात्रीपासून पाणीदेखील घेतलं नव्हतं. विणकर गल्लीतली माणसं आधीच जमली होती. डॉक्टरांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. डॉक्टर स्वतः पोर उचलून धावले, हे सगळ्यांनी बघितलं होतं. त्यांना फक्त विचारायचं होतं, बाटली गेली कुठं. नरसव्वाचा दीर शांतपणे विचारत होता. डॉक्टर खोलीतून बाहेर आले. गळ्यात तपासायची नळी, चेहरा उतरलेला, रात्रभर झोपले नसावेत. त्यांनी एकदा त्या माणसांकडे बघितलं आणि मग अक्काकडे वळले.

“महानंदाबाई, बाटल्या कुणी हलवल्या? तुम्ही कुठं होतात?”

मी अक्काच्या शेजारी उभी होते. तिनं डॉक्टरांच्या तोंडाकडे असं बघितलं की मला वाटलं, आता ते सांगतील. ती थांबली. सगळे थांबले. डॉक्टरांनी नळी काढून हातात गुंडाळायला सुरुवात केली.

“मी वर व्हते,” अक्का म्हणाली.

एवढंच. विचारलेल्या दोन प्रश्नांपैकी एकाचं उत्तर तिनं दिलं. दुसऱ्याचं उत्तर ज्याचं होतं त्याच्यासाठी ठेवलं, आणि त्यानं ते घेतलं नाही. माणसं एकमेकांकडे बघून मान हलवत गेली. संध्याकाळपर्यंत पेठेत झालं की महानंदाक्कानं पाव्हण्यांसाठी बाटल्या फेकल्या आणि वर जाऊन चहा पीत बसली. रात्र पडायच्या आत कुणीतरी त्यात असंही घातलं की ती आधीपासूनच ओळखीच्यांच्या बाटल्या पुढं सरकवायची. जिनं स्वतःच्या अण्णांनाही ओट्यावर बसवलं, तिच्याबद्दल!

घरी आल्यावर मी कडाकडा भांडले. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते म्हटलं, गल्लीत उभी राहून सांगते. तिनं माझा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घातली. मी जिवंत हाय तवर तू बोलायचं न्हाय. का, म्हटलं, त्यांना कशाला झाकतेस? तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण; तीच हाक मारून ती म्हणाली, झाकत न्हाय गं तंगी. मी सांगितलं तर ती चहाडी हुतीय, नोकरानं मालकावर ढकललं म्हंतील. त्यांनी सांगितलं तर ते खरं हुतंय. त्यांना ठाव हाय सगळं. आज घाबरलेत. सांगतील की.

मग नोकरी तरी सोड, मी म्हटलं. तर म्हणाली, खुर्ची सोडली की लोक म्हंतील, बघा, केलं म्हणून पळाली. म्हणून मग ती बसून राहिली. ज्या माणसानं तिला भर चौकात उभं केलं, त्याच्याच दारात, त्याच टेबलाशी, तो एक वाक्य कधी बोलतो याची वाट बघत. मला आजही हे लिहिताना दात-ओठ खावेसे वाटतात, आणि ते नुसते डॉक्टरांवर नाहीत.

ती खुर्चीत राहिली, फळी मात्र गेली. म्हणजे भिंतीवर होती, पण बायकांनी तिच्यावर बाटली ठेवणं बंद केलं. त्या यायच्या आणि बाटली मांडीवर, पदराखाली, दोन्ही हातांनी धरून बाकावर बसून राहायच्या. अक्का सुरुवातीला म्हणायची, ठिवा की, जावा घरला, मी बलावते. त्या पदर आणखी पुढं ओढून घ्यायच्या. एकदा एका म्हातारीला काठी आणि बाटली दोन्ही सांभाळेना म्हणून अक्कानं बाटली घ्यायला हात पुढं केला, तर म्हातारीनं ती पोटाशी दाबली. त्यानंतर अक्कानं कुणाला म्हटलं नाही. रोज सकाळी ती फळी ओल्या फडक्यानं पुसायची आणि रिकाम्या फळीखाली बसायची. पुन्हा सगळी सकाळ बाकावर जायला लागली, पुन्हा बायका दुखणं अंगावर काढायला लागल्या. त्याचाही हिशेब कुणी डॉक्टरांकडे मागितला नाही.

नरसव्वा त्या दवाखान्यात परत कधी आली नाही. एका जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत ती आमच्या समोरून आली. बरोबर नंतरची झालेली पोरगी होती, हातात चुरमुऱ्यांचा पुडा. अक्काला बघितल्यावर तिनं पोरीला या हाताला होती ती त्या हाताला घेतली आणि निघून गेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, अक्का घरी येऊन म्हणाली. मी म्हटलं, ती घरात बसून देतच असेल. माझी जीभ अशीच.

माझं लग्न झालं, मी नातेपुत्याला गेले. दर सुट्टीला आले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा आणि तिचं उत्तरही. बोलले का? अजून न्हाय. त्या ‘अजून’चा मला इतका संताप यायचा! अकलूजकडचं ते हॉस्पिटल डॉक्टरांना मिळालं नाही, पण दवाखाना वाढला आणि त्यांनी मोठ्या रस्त्याला दुमजली नर्सिंग होम बांधलं. तिथं काचेचं काउंटर, टेलिफोन, छापील नंबर आणि कॉन्व्हेंटात शिकलेली मुलगी. अक्काला त्यांनी सांगितलं, आता तुम्ही आराम करा. शाल दिली, श्रीफळ दिलं. जुन्या दवाखान्याचं सामान काढत होते, तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली, ती फळी. आणि निघताना ती त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली. हे तिनं मला फार नंतर सांगितलं, आणि सांगताना भिंतीकडे बघत होती.

“डॉक्टर, काय सांगायचं ऱ्हायलंय का?” तिनं विचारलं.

डॉक्टर कसल्यातरी कागदावर सही करत होते. “नाही, नाही,” ते म्हणाले, “सगळं झालं. या तुम्ही.”

त्यानंतर तिनं ‘अजून’ म्हणणं सोडलं. पोटात दुखायचं ते तिनं बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. मी नर्सिंग होममध्ये चल म्हटलं तर उठून आत गेली. शेवटी सिव्हिलला गेली, एकटी, आणि तिथल्या रांगेत उभी राहिली. पुढं घ्या म्हणून तिनं कुणाला म्हटलं नसणार, हे मला न विचारताही माहीत आहे.

अक्का गेल्याच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टर भेटायला आले. आता केस पिकलेत, काठी नाही पण चालताना हात भिंतीचा आधार शोधतो. घरात शेजारपाजारचे बसलेले होते. सगळ्यांसमोर ते म्हणाले, इतकी प्रामाणिक बाई मी आयुष्यात बघितली नाही. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. त्याच बायका, ज्या मांडीवर बाटल्या धरून बसायच्या. मी डॉक्टरांकडे बघत राहिले. म्हटलं, आता पुढचं वाक्य. माणसं आहेत, ती गेलीय, कुणाला काही गमवायचं उरलेलं नाही. डॉक्टरांची नजर भिंतीवर गेली. अक्कानं ती फळी घरात ठोकून घेतली होती, आणि तिच्यावर एकच बाटली होती, मानेला लाल सूत बांधलेली. टेबलाखालच्या टोपलीतून तिनं ती पोर गेली त्याच दिवशी काढून आणली होती आणि रोज पुसून परत जागेवर ठेवायची. डॉक्टर उठून जवळ गेले. फळीवरून बोट फिरवलं.

“ही आपल्या जुन्या दवाखान्यातली ना?” ते म्हणाले. “चांगलं सागवान होतं.”

बाटली त्यांनी ओळखली की नाही, मी सांगू शकत नाही. चहा अर्धा पिऊन ते गेले. मला वाटतं, त्यांनी जाणीवपूर्वक काही झाकलंही नसेल. इतकी वर्षं न बोललेलं वाक्य माणूस विसरूनही जात असेल. अक्का मात्र त्या वाक्याची वाट बघत म्हातारी झाली, आणि हा माणूस लाकडाची जात बघत होता.

सगळे विधी झाल्यावर मी खोली रिकामी करायला बसले होते, तेव्हा नरसव्वा आली. मी तिला ओळखलं नाही. तिनंच नाव सांगितलं. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. आणि मग तिची नजर फळीवर गेली. ती चपला घालूनच आत आली.

“माझी हाय ही,” ती म्हणाली.

शपथ अक्का जिवंत असेपर्यंतची होती. मी नरसव्वाला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं, पाहुणे, टोपली, जिन्यातला आवाज, आणि दुसऱ्या दिवशीचं ते ‘वर व्हते’. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण नाही रडली. तिच्या तोंडावर जे आलं ते मी पुष्कळ वर्षं आरशात बघितलेलं होतं.

“रोज शिव्या दिल्या गं तिला,” ती म्हणाली. “सूप मांडीवर घेतलं की पयली शिवी तिला. माझ्या शिव्या बी चुकीच्या दारात गेल्या की.”

मी उठून तांब्या भरला. पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. थोड्या वेळानं ती उठली, फळीवरची बाटली काढली, मानेवरची सुताची गाठ चाचपून बघितली आणि बाटली पदराखाली धरली. मला वाटलं, पोरीची आठवण म्हणून घरी नेतेय. कुठं निघालीस, मी विचारलं.

“नंबर लावाया,” ती म्हणाली. “माझा ऱ्हायलाय.”

पेठेतल्या लोकांकडून मला नातेपुत्याला कळतं ते असं. नरसव्वा रोज सकाळी नर्सिंग होम उघडलं की जाते आणि ती बाटली काचेच्या काउंटरवर ठेवते. तिथल्या मुलीनं पहिल्या दिवशी पेशंटचं नाव विचारलं, तेव्हा तिनं अक्काचं नाव सांगितलं म्हणे. मग समोरच्या खुर्चीवर सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसते. कुणाला काही म्हणत नाही. मुलीनं दोनदा बाटली उचलून बाजूला ठेवली, नरसव्वानं उठून परत जागेवर ठेवली. आता ती मुलगी तिला हात लावत नाही. नंबर लावून बसलेल्या बायका बाटलीकडे बघतात, हळूच काहीतरी विचारतात, आणि नरसव्वा विडी वळता वळता त्या दिवशीचं सगळं सांगते. डॉक्टर गेले काही दिवस मागच्या जिन्यानं येतात.

फळी मी नातेपुत्याला आणली. नवऱ्यानं ती स्वयंपाकघरात डबे ठेवायला ठोकून दिली, पण मी तिच्यावर अजून काही ठेवलेलं नाही. अक्काचं टेबल असायचं त्या टोकाशी बाटलीच्या बुडाचा एक गोल डाग पडलाय. सकाळी चूल पेटवायच्या आधी मी ओल्या फडक्यानं ती पुसते, तो डागही पुसते. तो जात नाही.